बॅक कॉम्प्रेशन

एका पावसाळ्यात आमच्या घरी रद्दीला एक नवीन काम लागलं होतं. रात्री झोपायच्या आधी बाबा एक शिळा पेपर उघडून गाडीच्या पुढच्या भागाखाली पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. सकाळी चहाच्या आधी तो ओढून काढायचे, व्हरांड्यात उजेडाला धरून बघायचे, कोपऱ्यात बॉलपेननं तारीख घालायचे आणि घडी करून कपाटाखाली सरकवायचे. जूनच्या सुरुवातीला तेलाचा डाग रुपयाएवढा होता. जुलै संपेपर्यंत तो ताटलीएवढा झाला, आणि त्याच्या शेजारी आणखी दोन लहान डाग पडायला लागले.

गाडी १९९६ सालची. लाल, छोटी, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी ती नवी कोरी घरी आणली तेव्हा मी चौथीत होते. कामासाठी ते आठवड्यातून दोनदा कोल्हापूरहून सांगलीला जायचे, तेही निवृत्त होईपर्यंत. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला, आणि दर पाच वर्षांनी ते सगळं पुन्हा केलं. आतापर्यंत तीन वेळा. विकायचा विषय कुणी काढलाच तर बाबा काही बोलत नाहीत, फक्त उठून गाडीवरचं कव्हर नीट करून येतात.

तेल गळायला लागलं ते इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्या जागी, अगदी खाली. पहिल्या गॅरेजनं बघितल्याबरोबर सांगितलं, क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, तेल अडवणारं मोठं सील गेलंय. हे सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. सील दोन-अडीचशे रुपयांचं आणि मजुरी त्याच्या वीसपट. केलं. चार महिने पेपर जवळजवळ कोरा राहिला, मग डाग परतला. दुसऱ्या गॅरेजनं पहिल्याचं काम चुकलं म्हणून पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा नवीन सील. या वेळी तीन आठवडे. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं, चालू इंजिनातून येणारा धूर बघितला आणि म्हणाले, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय. रिंगा गेल्यात. इंजिन खोलायला लागणार."

बॅक कॉम्प्रेशन हा शब्द आपल्याकडे गॅरेजात आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी रोजचा आहे, आणि शब्द अचूक आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा जो दाब तयार होतो तो पिस्टनला खाली ढकलतो. त्यातला थोडा दाब पिस्टनच्या बाजूनं निसटून खालच्या पेटीत, क्रँक जिथं फिरतो तिथं, उतरतो. हे नव्या इंजिनातही होतं. पिस्टनभोवती बसणारी रिंग म्हणजे पूर्ण बंद वर्तुळ नव्हे. तिची दोन टोकं असतात आणि तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून त्या टोकांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. मिनिटाला हजारो स्फोट, आणि प्रत्येक वेळी त्या फटीतून एक बारीकसा फुत्कार. तो वायू कुठं तरी बाहेर पडला पाहिजे. नाहीतर त्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, हळूहळू दाब साठत जातो, आणि जिथं कमजोर जागा सापडेल तिथून तेलाला बाहेर घालवतो.

पूर्वीच्या गाड्यांत याची सोय अगदी साधी होती. क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याच्या दिशेनं सोडलेली. गाडी पळायला लागली की खालून जाणारा वारा त्या नळीतून वायू ओढून घ्यायचा. गाडी उभी असली की ओढणारं कुणी नाही. आमच्या मामांच्या जुन्या ट्रॅक्टरला अजून असाच उघडा ब्रीदर आहे. उसाच्या ट्रॉल्या ओढून आला की त्यातून निळसर वाफ फुकफुक करत बाहेर येते आणि खालची माती काळी होते. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे पाण्यातून न्यायचे तर ही उघडी नळी चालणार नव्हती, म्हणून ती बंद करून तोच वायू इंजिनानं परत आत ओढून जाळावा अशी रचना वापरात आली. पुढं पन्नासच्या दशकात लॉस एंजेलिसच्या धुरक्यावर आरी हागेन-स्मिट यांनी काम केलं. गाड्यांतून बाहेर पडणारी न जळलेली वाफ उन्हात काय करते ते त्यांनी दाखवून दिलं, आणि मग सगळ्यांत आधी लक्ष गेलं ते या नळीकडे. १९६१च्या कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत आणि १९६३पासून सबंध अमेरिकेतल्या गाड्यांत बंद ब्रीदर आला. मोटारीच्या प्रदूषणावरचा पहिला खरा उपाय सायलेन्सरवर झाला नाही, इथं झाला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

या बंद रचनेच्या मध्यभागी एक अंगठ्याएवढी वस्तू असते, पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह. आत एक स्प्रिंग आणि एक छोटी दांडी. इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेची, ओढ जोरात असते, तेव्हा दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. गाडी रस्त्याला लागली, ओढ कमी झाली, की वाट रुंद होते. मागं आग उलटली तर झडप बंद. दुसऱ्या बाजूनं एअर क्लीनरपासून इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपर्यंत एक जाड रबरी नळी येते, त्यातून ताजी हवा आत शिरते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला आणि वायू जास्त झाला तर तोच उलटा या नळीनं एअर क्लीनरकडे जातो. म्हणजे वाटा दोन. दोन्ही मोकळ्या असतील तर आत किंचित ओढ राहते आणि सील नवी असोत की जुनी, आपापल्या जागी कोरडी बसतात.

इंजिन खोलायला लागणार हे ऐकून आल्यावर बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "बाबा, खोलण्याआधी उद्यमनगरला चाचांना एकदा दाखवूया." शिवाजी उद्यमनगरात इंजिनांची कामं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. तिथल्या एका गल्लीत चाचांचं गॅरेज आहे, दोन गाड्यांची जागा, मागं लेथ. चाचा सत्तरीचे आहेत. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही. डिझेल आणि ब्रशनं इंजिन धुवायला लावलं, हवेनं वाळवलं, आणि मला म्हणाले, "ताई, घरात पावडर हाय का? तोंडाला लावायची?" दुसऱ्या दिवशी बाबांचा टाल्कमचा डबा घेऊन गेलो. चाचांनी ती पावडर तळहातावर घेऊन इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूवर फुंकली. सगळी बाजू पांढरी झाली. मग गाडी वीस मिनिटं चालवून आणली आणि बॉनेट उघडून बॅटरी मारली.

तेल कायम खाली ओघळतं, म्हणून खाली बघून काही कळत नाही. सगळ्यांत वरची ओली जागा शोधायची. पांढऱ्या पावडरीवर एक तपकिरी रेघ उमटली होती, आणि ती क्रँकच्या सीलपासून सुरू होत नव्हती. आमच्या गाडीत प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, टोकाला, बरोबर गिअरबॉक्सच्या वर बसतो. रेघ त्याच्या बुडातून निघून हाउसिंगवरून उतरत खाली, जिथं क्रँकच्या सीलचं तेल टपकतं त्याच जागी पोचत होती. डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात एक रबरी रिंग असते, वीस-तीस रुपयांची. दुसऱ्यांदा उतरवलेला गिअरबॉक्स उतरवायची बहुतेक गरजच नव्हती. बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि रुमालाला पुसलं.

मला वाटलं, झालं, सापडलं. चाचा मात्र टॅपेट कव्हरच्या कडेनं बॅटरी फिरवत होते. तिथंही पावडर ओली. पुढं कॅमच्या सीलखालीही थोडी. "तीन ठिकाणी एकदम कसं सुटतंय?" ते म्हणाले. "पॅकिंगं एकाच दिवशी म्हातारी होत न्हाईत. आत हवा धरतंय ह्ये." त्यांनी डिपस्टिककडे बोट दाखवलं. ती बसणीतून दोन बोटं वर आलेली होती. सकाळी मीच ती तेल बघून घट्ट दाबून बसवली होती.

इथून पुढचं काम मला माझं वाटलं. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. इंग्रजी यू आकाराची काचेची नळी, लाकडी फळी, मिलिमीटरची पट्टी, असला मॅनोमीटर आमच्या कपाटात वर्षानुवर्षं आहे, आणि मुलं वर्षातून एकदा त्यात पाणी हलताना बघतात. शनिवारी परवानगी घेऊन तो उद्यमनगरला नेला. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण टाकले, जांभळट रंग आला. डिपस्टिक काढून तिच्या पाइपवर रबरी नळी चढवली. मधे एक रिकामी बाटली जोडली, कारण आतून ओढ असेल तर पाणी इंजिनात जाता कामा नये. ऑइलचं झाकण घट्ट. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, पाय ॲक्सिलरेटरवर, चाचा फळी धरून, मी पट्टीसमोर उकिडवी.

इंजिन सुरू केलं. आयडललाच बाहेरच्या बाजूचं पाणी चढलं, दोन पातळ्यांत तीन सेंटिमीटरचा फरक. चाचांनी हात वर केला तसा बाबांनी वेग वाढवला. पाणी थरथरत वर जात राहिलं आणि अकरा सेंटिमीटरच्या फरकावर, नळीच्या तोंडापाशी येऊन थांबलं. बाहेर सांडेल म्हणून मी ओरडले आणि बाबांनी पाय काढला.

अकरा सेंटिमीटर पाणी म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण नव्वदावा भाग. चाकात आपण तीस पौंड हवा भरतो, ती पाण्यात मोजली तर एकवीस मीटर उंचीचा स्तंभ होईल. त्याच्यापुढं हा आकडा काहीच नाही. पण ऑइल सीलचं काम दाब अडवण्याचं नसतंच. त्याची रबरी ओठासारखी कड एका केसासारख्या बारीक स्प्रिंगनं फिरत्या दांड्याला टेकलेली असते, ती उडणारं तेल परतवण्यापुरती. मागून सतत कुणी ढकलत राहिलं तर ती कड उचलली जाते. नवीन सीलची उचलली जाते तशी जुन्याचीही. दीड वर्षात आम्ही दोन सीलं घातली ती या अकरा सेंटिमीटरसमोर.

आता प्रश्न एकच उरला. वायू जास्त तयार होतोय, की जातोय कमी? रिंगा गेल्या असतील तर जास्त तयार होतो. वाट बंद असेल तर कमी जातो. धूर दोन्हींत सारखाच दिसतो, झाकण दोन्हींत सारखंच उडतं, आणि इंजिन खोलायचा सल्ला नेमका इथं घाईनं दिला जातो, याचं मला वाईट वाटतं. दोन्ही वेगळे करायला अर्धा तास पुरतो. चाचांनी चारही प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. एकशे पन्नास, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे बावन्न, एकशे पंचेचाळीस पौंड. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा बघितलं. रिंगा झिजल्या असतील तर त्या तेलानं फट भरून आकडा ठळकपणे चढतो. आमचा चार-पाच पौंडांनी चढला, बस. "रिंगा कुणी गेल्या म्हटलं?" चाचांनी बाबांना विचारलं. बाबा गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभे होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्यांचे खांदे खाली आलेले मी बघितले.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असला तर आतली दांडी टिकटिक वाजते. हा मुका होता, आत काळ्या डांबरासारखा गाळ. ही एक वाट. पण दुसरी, ताज्या हवेची नळी, बाहेरून ठणठणीत दिसत होती, मऊ, चकचकीत, कुठं तडा नाही. चाचांनी क्लिपा सोडवून ती काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्यातनं माझ्याकडं बघा." मी डोळ्याला लावली. पलीकडून ते बॅटरी मारत होते आणि मला उजेड दिसत नव्हता.

त्यांनी ब्लेडनं ती उभी चिरली. ती मूळची नळी नव्हतीच. केव्हा तरी, कुठल्या तरी गॅरेजात, पाण्याच्या होजचा तुकडा कापून बसवलेला. पाण्यासाठी बनवलेलं रबर तेलात फुगतं. बाहेरचा थर जसाच्या तसा राहिला होता आणि आतला थर सुजून, सुरकुतून, एकमेकांना चिकटला होता, घशाला सूज यावी तसा. मधल्या उरल्यासुरल्या भोकात पिवळट गाळ. मी तो बोटावर घेतला. ताकावर लोणी यायला लागतं तेव्हा जसं दिसतं तसा, गुळगुळीत, पाण्याचे बारीक थेंब धरलेला. वास पेट्रोलचा.

हा गाळ कुठून आला ते चाचांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, गाडी कुठं कुठं फिरते आता?"

बाबा म्हणाले, "कुठं नाही. मंडई, देऊळ, रंकाळ्याला एक चक्कर. जुनी आहे, जपून वापरतो."

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं. थोडं रिंगांच्या फटीतून खाली उतरतं. इंजिन चांगलं तापलं तर तेही वाफ होऊन ब्रीदरनं निघून जातं. दीड किलोमीटरच्या फेरीत इंजिन तापत नाही. पाणी आत थंड लोखंडावर साचतं, तेलात मिसळतं, लोणी होतं, नळ्यांत जाऊन बसतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. सांगलीच्या फेऱ्या चालू होत्या तोवर हे इंजिन आठवड्यातून दोनदा स्वतःला वाळवून घेत होतं. निवृत्तीनंतर बाबांनी त्याला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं. कव्हर घातलं, फेऱ्या कमी केल्या, घाट टाळला, लांबच्या प्रवासाला बस धरली. नऊ वर्षं.

मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं, वर्गात सांगते तसं, आणि मधेच थांबले. बाबा चिरलेली नळी हातात घेऊन बघत होते. "म्हणजे चालवायला हवी होती," ते म्हणाले. चाचांनी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

बाकीचं काम दुपारपर्यंत झालं. नवीन पीसीव्ही, तेल सोसणाऱ्या रबराची योग्य मापाची नळी, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ती रबरी रिंग. टॅपेट कव्हरच्या आतल्या जाळीत तोच गाळ होता, तो पेट्रोलनं धुतला. ऑइल आणि फिल्टर बदलला. क्रँकच्या सीलला हात लावला नाही. गाडी सुरू केली तर आयडल वरखाली व्हायला लागला आणि मी घाबरले. चाचांनी समजावलं की इतकी वर्षं व्हॉल्व्ह बंद धरून आयडल लावलेला होता, आता तिकडून हवा यायला लागली, तर कार्ब्युरेटर नव्यानं लावायला हवा. स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, कान इंजिनाकडे, आणि आवाज बसला.

मग पुन्हा मॅनोमीटर. बाबांनी किल्ली फिरवली. पाणी हललं, पण या वेळी उलटीकडे. इंजिनाकडच्या बाजूला चढलं, दोन सेंटिमीटर, आणि तिथंच स्थिर राहिलं. आत ओढ होती. वेग वाढवला तसं ते शून्याच्या जवळ सरकलं, पण शून्य ओलांडलं नाही. चाचांनी ऑइलचं झाकण काढून त्या जागी पेपरचा एक कपटा ठेवला. कपटा तोंडाला चिकटून बसला. त्यांनी तो काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा चिकटला. बाबा गाडीतून उतरून आले आणि त्यांनी स्वतः एकदा ठेवून बघितला.

पेपर पसरणं अजून चालू आहे. पहिल्या आठवड्यात डाग पुन्हा रुपयाएवढा झाला, मग चार आण्याएवढा. क्रँकचं सील थोडं पाझरतं, त्याची कड त्या दीड वर्षात खराब झाली असणार. पुढं कधी क्लच काढायची वेळ आली तर तेव्हा बदलू.

आता दर रविवारी सकाळी गाडी पन्हाळ्याला जाते. वीस किलोमीटर जायला, वीस यायला, वाघबीळ सोडलं की घाट. बाबा चालवतात, मी शेजारी. पहिल्या रविवारी ते चढावर दुसऱ्या गिअरमध्येच अडून बसले होते, इंजिनाला ताण नको म्हणून. "बाबा, तापू दे त्याला," मी म्हटलं. त्यांनी तिसरा टाकला. वर पोचल्यावर तबक उद्यानापाशी गाडी लावली, बॉनेट उघडलं, रुमाल धरून ऑइलचं झाकण काढलं आणि उलटं करून उजेडाला धरलं. आतली बाजू मधाच्या रंगाची होती आणि कोरडी.

"पुढच्या रविवारी विशाळगडाच्या रस्त्याला जाऊ," ते म्हणाले आणि झाकण परत लावलं.